डिस्कवर जागा आहे, तरी मोठी फाइल बनत नाही: कोणतं साधन खरं कारण सांगतं?

डिस्कवर ३०० जीबी मोकळे दिसतात, फाइल १०० जीबीची करायची असते, आणि मध्येच प्रोग्राम थांबतो. जागा शिल्लक नाही म्हणतो. अशा वेळी बहुतेकांचा हात पहिल्यांदा जातो तो फोल्डरचे रंगीत चौकोन दाखवणाऱ्या एखाद्या साधनाकडे. मग जुन्या फाइल पुसायला सुरुवात होते, वीस-तीस जीबी मोकळे होतात, आणि पुन्हा तिथेच गाडी अडते. याचं कारण साधं आहे: ही तक्रार अनेक वेगवेगळ्या गोष्टींमुळे येते आणि त्यातल्या बऱ्याच गोष्टींचा डिस्क भरण्याशी संबंधच नसतो.

म्हणून या परीक्षणात साधनांना एकच कसोटी लावली आहे. फाइल नेमकी कशामुळे अडली, हे ते साधन सांगतं का? दिसायला किती छान, किती वेगवान, हे नंतर. भर लिनक्सवर आहे. विंडोजची साधनं पुढे आहेत, मॅकचा उल्लेख ओझरता. कमांड उच्चाराप्रमाणे लिहिल्या आहेत. एक जीबी म्हणजे इथे सगळीकडे १०२४ एमबी. डिस्कच्या खोक्यावर १००० चा हिशोब असतो, म्हणून १ टीबीची डिस्क विंडोजमध्ये ९३१ जीबी दिसते. ते ‘हरवलेले’ जीबी शोधण्यात वेळ घालवू नये.

एसट्रेस: कटकटीचं, पण खोटं न बोलणारं

फाइल लिहिता आली नाही की लिनक्समध्ये कर्नल (सिस्टिमचा गाभा) तीन वेगळी उत्तरं देतो. २८ क्रमांकाची त्रुटी, ‘ईएनओएसपीसी’, म्हणजे जागा संपली. २७ क्रमांकाची ‘ईएफबिग’ म्हणजे फाइल परवानगीपेक्षा मोठी झाली. १२२ क्रमांकाची ‘ईडीकोट’ म्हणजे त्या वापरकर्त्याचा कोटा (त्याला ठरवून दिलेली जागा) भरला. तिन्हींवरचे उपाय पूर्णपणे वेगळे. पण वरचा प्रोग्राम अनेकदा या तिन्हींना एकाच पोत्यात घालून ‘लिहिता आलं नाही’ एवढंच सांगतो.

इथे एसट्रेस कामाला येतं. प्रोग्राम कर्नलला कोणत्या विनंत्या (‘कॉल’) करतो आणि काय उत्तर मिळतं, ते ओळीओळीने दाखवणारं हे साधन. ‘-एफ’ पर्याय द्यायचा म्हणजे मूळ प्रोग्रामने सुरू केलेल्या उपप्रक्रियाही पकडल्या जातात, आणि ‘-ई’ पर्यायाने फक्त राइट, पीराइट६४, फॉलोकेट आणि एफट्रंकेट एवढेच कॉल गाळून घ्यायचे. ही गाळणी लावली नाही तर पडद्यावर पूर येतो. उत्तर म्हणून उणे एक आलेली ओळ शोधायची. तिच्या शेवटी वरच्या तिघांपैकी एकाचं नाव असतं. तोटा असा की प्रोग्राम बराच मंदावतो, त्यामुळे तासन्‌तास चालणाऱ्या कामाला सुरुवातीपासून हे चिकटवू नये. काम अडण्याच्या बेतात आलं की ‘-पी’ आणि प्रक्रियेचा क्रमांक देऊन मध्येच जोडता येतं.

ईएफबिग दिसलं तर डिस्क साफ करणं ताबडतोब थांबवा. पेन ड्राइव्ह किंवा बाहेरच्या डिस्कवर फॅट३२ ही जुनी फाइल सिस्टिम (डिस्कवर फाइल मांडण्याची पद्धत) असेल तर एका फाइलची कमाल मर्यादा ४,२९,४९,६७,२९५ बाइट असते, म्हणजे ४ जीबीला एक बाइट कमी. फाइलचा आकार नोंदवायला तिथे ३२ बिटच ठेवलेले आहेत, त्यामुळे डिस्क कितीही मोठी असली तरी यात बदल होत नाही. तुकडे करायचे ठरवलं तर स्प्लिटला ‘४जी’ हा आकार देऊ नका, तो बरोबर एक बाइटने जास्त होतो, ‘४०००एम’ द्या. कायमचा उपाय म्हणजे एक्सफॅट किंवा एनटीएफएस. एक्सफॅटवर फाइलच्या आकाराची अडचण उरत नाही, पण त्यात जर्नल (होणाऱ्या बदलांची आधी केलेली नोंद) नाही. १०० जीबीची फाइल लिहिताना केबल निघाली तर फाइलच नव्हे, जागावाटपाचा तक्ताही बिघडू शकतो.

लिनक्सच्या एक्सटी४ फाइल सिस्टिमवर नेहमीच्या ४ केबी ब्लॉकने (ब्लॉक म्हणजे जागावाटपाचा सर्वात लहान तुकडा) एक फाइल १६ टीबीपर्यंत जाते. एक्सटी३ वर त्याच ब्लॉकने २ टीबी, आणि १ केबी ब्लॉक असेल तर फक्त १६ जीबी. जुन्या सर्व्हरवर अजूनही एक्सटी३ सापडतं आणि तिथे बॅकअप ठरावीक आकाराला येऊन मरतो. एक्सएफएसची मर्यादा ८ ईबी आहे, तिची काळजी करायचं कारण नाही.

ईएफबिगचं आणखी एक उगमस्थान म्हणजे यूलिमिट, अर्थात प्रक्रियेला घातलेली मर्यादा. ‘यूलिमिट -एफ’ चालवून ‘अनलिमिटेड’ आलं म्हणून निर्धास्त होऊ नका. ते तुमच्या शेलचं (कमांड घेणाऱ्या प्रोग्रामचं) उत्तर आहे. पार्श्वभूमीला चालणाऱ्या सेवेची मर्यादा वेगळी असू शकते, सेवा चालवणाऱ्या सिस्टिमडीच्या युनिट फाइलमधल्या ‘लिमिटएफसाइज’ मधून आलेली. खरं उत्तर चालू प्रक्रियांची माहिती देणाऱ्या प्रॉक फोल्डरमध्ये त्या प्रक्रियेच्या क्रमांकाखाली ‘लिमिट्स’ नावाच्या फाइलीत ‘मॅक्स फाइल साइज’ या ओळीवर मिळतं. बॅशमध्ये आकडा १०२४ बाइटच्या ठोकळ्यांत मोजला जातो, प्रॉकमध्ये बाइटमध्ये. दोन्हींची तुलना करताना हे लक्षात ठेवा.

डीएफ: सगळ्यांना माहीत, नीट वापरणारे थोडे

डीएफ (प्रत्येक डिस्कवरची जागा दाखवणारी कमांड) पर्याय न देता चालवलं की लांबलचक यादी येते आणि माणूस चुकीची ओळ वाचतो. त्यापेक्षा जिथे फाइल बनणार आहे तोच पाथ द्या: ‘डीएफ -एच’ आणि पुढे तो फोल्डर. एकच ओळ येते आणि आपण नेमके कोणत्या व्हॉल्यूमवर (डिस्कच्या कोणत्या भागावर) आहोत ते कळतं. निम्मे घोटाळे इथेच सुटतात, कारण फाइल एका डिस्कवर आणि नजर दुसऱ्या डिस्कवर असते.

त्या ओळीत ‘वापरलेली’ आणि ‘उपलब्ध’ यांची बेरीज एकूण आकाराइतकी येत नसेल तर दचकू नका. एक्सटी४ मूळ सेटिंगनुसार ५ टक्के ब्लॉक रूटसाठी (प्रशासक खात्यासाठी) राखून ठेवतं. २ टीबीच्या व्हॉल्यूमवर हे सुमारे १०० जीबी झाले. फक्त डेटा ठेवायच्या व्हॉल्यूमवर ‘ट्यून२एफएस -एम १’ देऊन ते १ टक्क्यावर आणता येतात, चालू सिस्टिमवर, काही न पुसता. सिस्टिमच्या मुख्य व्हॉल्यूमवर मात्र हात लावू नये. तिथे ही राखीव जागा संपली की लॉग लिहिणाऱ्या सेवा आणि लॉगिन दोन्ही अडचणीत येतात.

‘डीएफ -आय’ हा दुसरा पर्याय फार कमी जण वापरतात. तो आयनोड दाखवतो, म्हणजे प्रत्येक फाइलमागे लागणारी एक नोंद. एक्सटी४ वर त्यांची संख्या फॉरमॅट करतानाच ठरते, साधारण दर १६ केबीमागे एक. मोठ्या फाइलला एकच आयनोड लागतो, पण त्याच व्हॉल्यूमवर लाखो बारीक कॅशे किंवा सेशन फाइल साचल्या असतील तर तो एकही मिळत नाही, आणि त्रुटी तीच येते, २८. वापर १०० टक्के दिसला तर बारीक फाइल पुसणं किंवा नव्याने फॉरमॅट करणं, हे मुख्य मार्ग. एक्सएफएस आयनोड गरजेप्रमाणे बनवतं, त्यामुळे तिथे हा त्रास सहसा होत नाही.

डीएफची खरी कमजोरी वेगळीच आहे. ते एका क्षणाचं चित्र दाखवतं, आणि मोठी फाइल बनवताना भरणारी जागा बरेचदा तात्पुरती असते. उदाहरणार्थ, १०० जीबीची मजकूर फाइल सॉर्ट करायची आहे. सॉर्ट कमांड मधले तुकडे टेंप फोल्डरमध्ये लिहिते, आणि त्यांची बेरीज मूळ फाइलच्या जवळपास जाते. अनेक लिनक्स वितरणांत टेंप हे मेमरीत राहणारं टेंपएफएस असतं. त्याचा मूळ आकार रॅमच्या निम्मा. १६ जीबी रॅम असेल तर ८ जीबीवर काम अडतं. मग सॉर्ट आपले तुकडे पुसून बाहेर पडतं, आणि तुम्ही डीएफ चालवता तेव्हा सगळं मोकळं! डेटाच्या डिस्कवरही जागा, टेंपमध्येही जागा. इथून पुढे लोक हार्डवेअरवर संशय घ्यायला लागतात.

यावर उपाय दोन. काम चालू असताना दुसऱ्या खिडकीत ‘वॉच -एन २ डीएफ -एच’ लावून ठेवा. कोणती ओळ चढते ते डोळ्यांनी दिसतं. आणि सॉर्टला मोठ्या ‘-टी’ पर्यायाने प्रशस्त डिस्कवरचा फोल्डर द्या. इतर प्रोग्रामसाठी ‘टीएमपीडीआयआर’ हे पर्यावरण चल बदलून बहुतेक वेळा काम होतं.

बीटीआरएफएस या फाइल सिस्टिमवर डीएफचा आकडा अंदाज म्हणूनच घ्यावा. तिथे डेटा आणि मेटाडेटा (फाइलींबद्दलच्या नोंदी) यांचे वेगळे मोठे ठोकळे कापले जातात. मेटाडेटाचा ठोकळा भरला आणि नवा कापायला अस्पर्श जागा उरली नाही, तर डेटाच्या ठोकळ्यात शेकडो जीबी मोकळे असूनही २८ येते. ‘बीटीआरएफएस फाइलसिस्टिम यूसेज’ चालवून ‘अनअलोकेटेड’ ही ओळ बघा. ती शून्याजवळ असेल तर बॅलन्स (ठोकळ्यांची फेरमांडणी) चालवा, ‘-डीयूसेज=१०’ पासून सुरुवात करून. थेट पूर्ण बॅलन्स लावू नका. तो तासन्‌तास चालतो.

एनसीडीयू आणि एलएसओएफ

कोणता फोल्डर किती जागा खातो ते दाखवणारं एनसीडीयू हे साधन म्हणून उत्तमच आहे. टर्मिनलमध्ये चालतं, बाणाच्या कळांनी आत-बाहेर करता येतं, ‘-एक्स’ दिलं की दुसऱ्या व्हॉल्यूममध्ये भरकटत नाही, ‘-ओ’ ने यादी फाइलमध्ये साठवून दुसऱ्या मशिनवर पाहता येते. रूट म्हणून चालवा, नाहीतर वाचायची परवानगी नसलेले फोल्डर तो मोजतच नाही. एसएसडीवर जीडीयू हे त्याच धाटणीचं साधन अनेक फोल्डर एकाच वेळी वाचून लवकर संपतं; फिरत्या डिस्कवर फरक फारसा जाणवत नाही.

तक्रार साधनाबद्दल नाही, ते कधी वापरायचं याबद्दल आहे. एनसीडीयू आणि डीयू (तेच काम करणारी साधी कमांड) फक्त नाव असलेल्या फाइल मोजतात. डीएफ ब्लॉक मोजतं. दोघांच्या आकड्यांत मोठी तफावत दिसली तर सर्वात आधी संशय घ्यायचा तो पुसलेल्या पण अजून उघड्या फाइलींवर. लॉग फाइल पुसली, पण लिहिणारी प्रक्रिया चालूच आहे. नाव गेलं, ब्लॉक तिथेच. ‘एलएसओएफ +एल१’ (मोठा एल) चालवलं की अशा फाइलींची यादी मिळते: प्रक्रियेचं नाव, तिचा क्रमांक, फाइलचा डिस्क्रिप्टर (उघड्या फाइलचा क्रमांक), आकार, आणि शेवटी कंसात ‘डिलीटेड’. सेवा पुन्हा सुरू केली की जागा सुटते. ती बंद करता येण्यासारखी नसेल तर प्रॉकमध्ये त्या प्रक्रियेच्या ‘एफडी’ फोल्डरातल्या डिस्क्रिप्टरवर ‘ट्रंकेट -एस ०’ चालवा. आधी ती खरोखर लॉगच आहे ना, याची खात्री करा. डेटाबेसची तात्पुरती फाइल अशी कापली तर नुकसान होतं.

एलएसओएफमध्ये काही सापडलं नाही तर दुसरी शक्यता अशी की एखाद्या फोल्डरवर डिस्क माउंट होण्याआधी (जोडली जाण्याआधी) त्यात काही लिहिलं गेलं, आणि आता ते माउंटखाली झाकलं गेलं आहे. मूळ व्हॉल्यूम ‘माउंट --बाइंड’ ने दुसरीकडे लावा आणि तिथे डीयू चालवा. माउंट न झालेल्या डिस्कच्या रिकाम्या फोल्डरात रात्रभर बॅकअप ओतला गेला, हा प्रकार वाटतो त्यापेक्षा जास्त वेळा घडतो.

डीडी, ट्रंकेट, फॉलोकेट: सुरू करण्याआधीच विचारा

आतापर्यंतची साधनं घोडं अडल्यानंतरची. खरा फायदा आहे तो आधीच विचारण्यात, आणि त्यासाठीच्या तीन कमांडमध्ये जमीन-अस्मानाचा फरक आहे.

ठोकळ्याठोकळ्याने डेटा उतरवणारं डीडी सर्वांना तोंडपाठ असतं आणि सर्वात जास्त फसवतंही तेच. ‘बीएस=४जी काउंट=१’ (ठोकळ्याचा आकार आणि ठोकळ्यांची संख्या) दिलं तर ४ जीबीची फाइल मिळेल असं वाटतं; मिळते २,१४,७४,७९,५५२ बाइटची. लिनक्समध्ये वाचण्याचा एक कॉल एका वेळी यापेक्षा जास्त बाइट देतच नाही, आणि डीडी मिळालं तेवढं लिहून ‘एक अर्धवट नोंद’ असं शांतपणे सांगून बाहेर पडतं. ‘बीएस=१एम काउंट=४०९६’ लिहा. पाइपमधून वाचत असाल तर ‘आयफ्लॅग=फुलब्लॉक’ जोडा, नाहीतर अर्धवट नोंदींमुळे फाइल लहान होते. ‘बीएस’ जेवढा, तेवढी मेमरी डीडी एकरकमी मागतं, हेही ध्यानात असू द्या. शेवटी ‘कॉन्व्ह=एफसिंक’ हवंच; त्याशिवाय डीडी ‘झालं’ म्हणतं तेव्हा बराच डेटा मेमरीतच असतो. आणि फाइल सिस्टिमवर कॉम्प्रेशन चालू असेल तर शून्यांची १०० जीबी फाइल जवळपास काहीच जागा घेत नाही, म्हणजे चाचणी म्हणून तिची किंमतही शून्य. स्वॅप फाइल (रॅम कमी पडली की वापरली जाणारी) बनवायला मात्र डीडीच सर्वात बिनधोक, कारण स्वॅपला फाइलमध्ये एकही पोकळी चालत नाही.

ट्रंकेट क्षणार्धात फाइल बनवतं, पण कागदोपत्री. ‘ट्रंकेट -एस १००जी’ नंतर ‘एलएस -एल’ १०० जीबी दाखवतं आणि डीयू शून्य. म्हणून अनेक जण त्याला निरुपयोगी समजतात. आमच्या मते हीच त्याची ताकद आहे. जागेचा प्रश्न बाजूला ठेवून ते फक्त एवढंच विचारतं: या फाइल सिस्टिमवर, माझ्या मर्यादेत, एवढ्या लांबीची फाइल चालेल का? एक्सटी४ वर ‘ट्रंकेट -एस १७टी’ देऊन पाहा, ‘फाइल टू लार्ज’ लगेच येतं. फॅट३२ वर ‘४जी’ दिलं तरी तेच. यूलिमिट आड येत असेल तर तेही इथेच उघडं पडतं. चाचणीची फाइल नंतर पुसायला विसरू नका, आणि फॅटसारख्या ठिकाणी मर्यादेच्या आतला आकार देऊ नका: तिथे पोकळ फाइल हा प्रकारच नाही, खरोखर शून्य लिहीत बसावं लागतं.

जागेचा प्रश्न विचारतं ते फॉलोकेट. ‘फॉलोकेट -एल १००जी’ आणि फाइलचं नाव. एक्सटी४ आणि एक्सएफएसवर ते खरे ब्लॉक राखून ठेवतं, पण त्यात काही लिहीत नाही, म्हणून १०० जीबीचं काम सहसा काही सेकंदांत उरकतं. जागा किंवा कोटा कमी असेल तर तिथल्या तिथे नकार मिळतो, सहा तासांनी नव्हे. ‘फाइलफ्रॅग’ चालवून किती तुकडे पडले तेही पाहता येतं. एक्सटी४ वर एक तुकडा जास्तीत जास्त १२८ एमबीचा नोंदला जातो, त्यामुळे १०० जीबीला आठशेच्या आसपास किंवा कमी आकडा आला तर तो उत्तम समजा. दहा-वीस हजार आला तर डिस्क फार भरलेली किंवा विस्कटलेली आहे.

म्हणजे आधी ट्रंकेट, मग फॉलोकेट. मिनिटभरात फाइलची मर्यादा आणि डिस्कची जागा, दोन्ही वेगवेगळी कळतात. या जोडीइतकं स्पष्ट उत्तर इथलं दुसरं कोणतंही साधन देत नाही.

फॉलोकेटच्या खोड्याही सांगायला हव्यात. नकार मिळाल्यावर अर्धवट वाटप झालेली फाइल मागे राहू शकते. ती पुसली नाही तर डिस्क खरोखरच भरलेली राहते. ज्या फाइल सिस्टिमवर ही सोय नाही तिथे ‘ऑपरेशन नॉट सपोर्टेड’ येतं. ‘--पॉझिक्स’ पर्याय दिला तर मग सावकाश लिहून तेच काम होतं. झेडएफएसवर अशी खरी राखीव जागा मिळत नाही. आणि सर्वात मोठी खोडी म्हणजे राखलेली जागा नकळत सोडली जाणं. राखलेल्या फाइलवर शेलमधून साध्या ‘मोठे’ चिन्हाने आउटपुट वळवलं की शेल आधी फाइल शून्यावर कापतं, म्हणजे राखीव १०० जीबी गेले. त्याऐवजी १ या आकड्यापुढे ‘लहान-मोठे’ ही दोन्ही चिन्हं जोडून वळवा, किंवा डीडीला ‘कॉन्व्ह=नोट्रंक’ द्या. शेवटी जोडत जाणाऱ्या प्रोग्रामसाठी ‘-एन’ पर्याय आहे: जागा राखली जाते, फाइलची लांबी शून्यच राहते.

एका ठिकाणी मात्र फॉलोकेटही फसतं, आणि ते ठिकाण आजकाल फार वेळा भेटतं. एलव्हीएमचा थिन पूल (प्रत्यक्ष लिहिल्यावरच जागा देणारा सामाईक साठा) किंवा वाढत जाणारी आभासी डिस्क खाली असेल तर फाइल सिस्टिमने राखलेले ब्लॉक फक्त तिच्या वहीत असतात. खालच्या पूलला त्याचा पत्ताच नसतो. पूल भरला की लिहिणं आधी अडकून पडतं, मूळ सेटिंगप्रमाणे ६० सेकंद, आणि मग इनपुट-आउटपुट त्रुटी येते. फाइल सिस्टिम फक्त-वाचन अवस्थेत जाऊ शकते. इथे ‘एलव्हीएस’ मधले डेटा आणि मेटा हे दोन टक्के बघायचे. मेटा भरणं जास्त धोक्याचं. आभासी मशिनमध्ये असाल तर आतलं डीएफ कितीही हिरवं असो, यजमान मशिनवरची जागा बघितल्याशिवाय मोठं काम सुरू करू नये.

विंडोज: एफएसयूटिल आणि मंडळी

फॉलोकेटच्या जागी इथे ‘एफएसयूटिल फाइल क्रिएटन्यू’ आहे. आकार बाइटमध्येच द्यावा लागतो: १०० जीबीसाठी १०७३७४१८२४००. एनटीएफएसवर फाइल लगेच बनते आणि जागा खरोखर अडते. कमी असेल तर ११२ क्रमांकाची ‘डिस्क भरली’ ही त्रुटी. पण अशा फाइलच्या शेवटाकडे पहिल्यांदा लिहिलं की त्याआधीचा सगळा भाग शून्यांनी भरला जातो, आणि प्रोग्राम बराच वेळ गोठल्यासारखा वाटतो. तो बिघाड नाही. हे टाळायला ‘सेटव्हॅलिडडेटा’ नावाचा पर्याय आहे, पण तो वापरला तर डिस्कवरचा जुना, पुसलेला डेटा फाइलमधून वाचता येतो. अनेकांच्या वापरातल्या मशिनवर तो सरळ वर्ज्य.

विंडोजवर सर्वात बुचकळ्यात टाकणारी त्रुटी ६६५ क्रमांकाची: फाइल सिस्टिमच्या मर्यादेमुळे काम पूर्ण झालं नाही. जागा भरपूर, फाइल मर्यादेच्या आत, तरीही अडते. एनटीएफएसमध्ये फाइलचे तुकडे कुठे आहेत याची यादी १ केबीच्या नोंदींमध्ये ठेवली जाते, आणि त्या नोंदींच्या यादीलाही ठरावीक कमाल आकार आहे. फाइलचे लाखो तुकडे पडले की यादीच भरते. मोठे डेटाबेस आणि त्यांचे स्नॅपशॉट, तसंच कॉम्प्रेशन चालू असलेल्या फोल्डरातल्या मोठ्या फाइल यांना हे हमखास होतं. तातडीचा उपाय म्हणजे कॉम्प्रेशन बंद असलेल्या ठिकाणी फाइलची नवी प्रत करणं; प्रतीत तुकडे कमी पडतात. पक्का उपाय म्हणजे व्हॉल्यूम ‘/एल’ पर्यायाने, ६४ केबी क्लस्टर ठेवून नव्याने फॉरमॅट करणं. नोंदी ४ केबीच्या होतात. डेटा पुसला जाणार, हे उघड आहे. सध्या काय आहे ते ‘एफएसयूटिल एफएसइन्फो एनटीएफएसइन्फो’ मध्ये ‘फाइल रेकॉर्ड सेगमेंट’च्या ओळीवर दिसतं.

जागा कोणी खाल्ली हे बघायला विझट्री आणि विनडरस्टॅट ही दोन साधनं आहेत. विझट्री एनटीएफएसची मुख्य नोंदवही थेट वाचतं, त्यामुळे लाखो फाइलींची यादी सेकंदांत येते. त्यासाठी प्रशासक म्हणून चालवावं लागतं, आणि व्यावसायिक वापराला परवाना लागतो. विनडरस्टॅट मुक्त स्रोत आहे, रंगीत नकाशा देखणा, जुन्या आवृत्त्यांचा वेग कमी. सावली-प्रती अर्थात शॅडो कॉपीच्या (विंडोजने ठेवलेल्या जुन्या प्रतींच्या) जागेचा हिशोब विचारायचा तर दोन्हींपेक्षा ‘व्हीएसएसॲडमिन लिस्ट शॅडोस्टोरेज’ सरळ उत्तर देतं. मॅकवर यासारखाच प्रकार टाइम मशिनच्या स्थानिक स्नॅपशॉटचा: गरज पडली तर सिस्टिम स्वतः मोकळी करू शकेल अशी जागाही फाइंडर मोकळी धरतं, डीएफ धरत नाही. ‘टीएमयूटिल लिस्टलोकलस्नॅपशॉट्स /’ चालवा, खुलासा होतो.

स्टॅट: दोन सेकंदांचं काम

सगळं तपासलं, डिस्क मोठी, फाइल सिस्टिम आधुनिक, कोटा नाही, तरी फाइल अडते किंवा पूर्ण झालेली फाइल उघडत नाही. अशा वेळी अडलेल्या फाइलचा आकार बाइटमध्ये बघा: ‘स्टॅट -सी %एस’, किंवा साधं ‘एलएस -एल’. ‘-एच’ लावू नका, कारण इथे शेवटचा आकडाही महत्त्वाचा आहे.

२,१४,७४,८३,६४७ च्या आसपास थांबली असेल तर प्रोग्राम फाइलमधली जागा ३२ बिटच्या चिन्हांकित आकड्यात मोजतो आहे. जुने ३२ बिट प्रोग्राम मोठ्या फाइलींची सोय न ठेवता बांधले गेले की हे होतं. डिस्क बदलून काही होत नाही, प्रोग्राम बदलावा लागतो. ४,२९,४९,६७,२९५ असेल तर फॅट३२ नंतरचा संशय फाइलच्या स्वरूपावर. जुन्या पद्धतीच्या झिपमध्ये प्रत्येक फाइल आणि पूर्ण झिप दोन्हींना हीच मर्यादा, शिवाय ६५,५३५ फाइलींपेक्षा जास्त नाहीत, झिप६४ हवं. डब्ल्यूएव्ही ध्वनिफितीलाही ४ जीबीची भिंत आहे, तिथे आरएफ६४ निवडा. टिफ चित्राला तीच, तिथे बिगटिफ. ८,५८,९९,३४,५९१ हा आकडा दिसला तर टारच्या यूस्टार स्वरूपात अडकला आहात: आत ठेवायची एकेक फाइल ८ जीबीच्या आतच लागते, कारण आकार ११ अष्टमान अंकांत लिहिला जातो. टारला ‘--फॉरमॅट=पॅक्स’ द्या.

स्वरूप बदलण्याआधी फाइल ज्याला द्यायची आहे त्याचा प्रोग्राम ते वाचतो का, हे एका लहान नमुन्यावर तपासा. मात्र मर्यादेखालच्या नमुन्यात अनेक प्रोग्राम गुपचूप जुनंच स्वरूप लिहितात आणि ४ जीबी ओलांडल्यावरच नवं वापरतात. म्हणून नमुना ५ जीबीचा करा, आणि तो शून्यांचा नको, कॉम्प्रेस न होणाऱ्या डेटाचा: यादृच्छिक डेटा देणाऱ्या यूरँडममधून डीडीने, ‘बीएस=१एम काउंट=५१२०’.